ढिगातली वेगळी पुंगळी

उस्तादाला हसताना मी कदी बघितलं न्हाय. समोरचं मानूस रडकुंडीला आलं की त्येच्या मिशा तेवड्या हलायच्या.

नवरा गेला, मेंढरं इकली आन् मी सांगोल्याकडनं सोलापुरात आले. गावाभाईर माळावर सायेब लोकांचा नेमबाजीचा क्लब होता, तितं झाडलोटीला लागले. सायेब पिस्तुलं उडवायचे. गोळी सुटल्यावर खाली पडलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या मी येचायची आन् उस्ताद त्या बारूद घालून परत भरायचा. फौजेत हत्यारं दुरुस्त करून आलेलं मानूस. शुक्रवार पेठेत बायकोसंगट ऱ्हायचा. मला नावानं हाक कदी मारली न्हाय. "ए मेंढरवाली!" बास.

पुंगळीच्या बुडाला खळगी असती. तिच्यात टोपी बसवायची, बारकी, टिकलीएवडी. ती फुटली की बार उडतो. आता मेख अशी की एकाच पिस्तुलाच्या पुंगळ्या, वरनं जुळ्या भैनी, पर कुनाची खळगी मोठी, कुनाची लहान. "मोठ्या टोपीला लहान घर दिलं की ती चिडती," उस्ताद म्हनायचा. "तुज्या सासूसारखी."

मला लिवता-वाचता येत न्हाय. पयल्या दिवशी त्येनं पाटीभर पुंगळ्या वतल्या आन् म्हनला, "निवड." दुसऱ्या दिवशी मी पदराच्या गाठीत मालदांडी ज्वारीचा एक दाना बांदून नेला. लहान खळगीत त्यो वरच अडायचा, मोठीत आत बसायचा. उस्तादानं बघितलं. "फौजेत मापं वापरत्यात, आन् ही भाकरी वापरती!" चार दिसांनी त्येच्या टेबलावर बाटलीच्या टोपणात ज्वारीचे दाने दिसले.

त्येची एक खोड लई वंगाळ. क्लबातल्या पुंगळ्या मोठ्या खळगीच्या; त्या ढिगात रोज स्वताच्या हातानं एक लहान खळगीची टाकायचा. मला सापडली तर चा. न्हाय सापडली तर सगळा ढीग लाथंनं उदळायचा, आन् मी उनात गुडग्यावर, मातीतनं येचत. एकदा अंगात ताप हुता. त्या दिवशी बी उदळला. "बारूद तुजा ताप बघत न्हाय गे," म्हनला.

टोप्या बसवायचं हातमशीन हुतं; वरच्या नळीत टोप्या रचायच्या आन् दांडा दाबायचा. एका सायबानं सांगितलं, उस्ताद, डोळ्याला चष्मा लावा. तर म्हनला, "मेंढरवालीनं निवडल्यात की. चष्मा कायकू?" मी मागं झाडत हुते. माज्याबद्दल चांगलं म्हनून त्यो जलमात तेवडंच बोलला, ते बी दुसऱ्यापाशी.

एकदा परगावचे पावने नेम मारायला आले. त्येंच्या बी पुंगळ्या माज्या पाटीत आल्या. दुसऱ्या दिवशी मी निवडाय बसले. अर्ध्या ढिगातच लहान खळगीची एक घावली. रोजची एक घावली म्हनल्यावर काम झालं की. उरलेल्या मी नुसत्या हातानं सारल्या, दाना लावला न्हाय. उस्तादानं ईचारलं, "मिली?" "व्हय, मिळाली." त्येनं चा दिला. मी प्याले.

ग्लास धूत हुते तवर मशीनवर फाटकन आवाज झाला. नळीत रचलेल्या टोप्या एकामागं एक उडल्या. उस्ताद खाली बसला हुता, उजव्या डोळ्यावर हात, बोटातनं रगत. दुसऱ्या डोळ्यानं माज्याकडं बघत म्हनला, "मी एकच टाकली हुती."

सायेब पळत आले. "निवडलं कुनी?" म्हनून वराडले. उस्ताद म्हनला, "मीच. ही भाईर झाडत हुती." मी ग्लास ठिवला आन् झाडू हातात घेतला. त्येला काडून टाकलं, माजं काम ऱ्हायलं. जमिनीवरचं रगत मलाच पुसाय लावलं. पुसलं.

महिन्यानं शुक्रवार पेठेत त्येच्या घरी गेले. त्येच्या बायकोनं उंबऱ्याभाईरच बसवलं. आतनं आवाज आला, "रडाय आली आसंल तर हाकल तिला." मग त्येनं बायकोच्या हाती एक डबा पाटवला. पुंगळ्या. मी भाईर, त्यो आत, मदी पडदा.

मी गाठ सोडून दाना काडला. एकेक लावून बघितली. सगळा डबा झाला, वेगळी एक बी घावली न्हाय. परत पयल्यापासनं लावल्या. ऊन उंबऱ्यावरनं भिताडावर चढलं.

"मिली?" त्येनं ईचारलं.

"न्हाय उस्ताद. हितं एक बी न्हाय."

"एक तरी आसंलच की."

"न्हाय. दोनदा बघितलं."

मग म्हनला, "मी टाकलीच न्हवती. आता आलं तुला काम. माजा डोळा खाऊन आलं. जा, परत हितं येऊ नको."

मी गेले न्हाय परत. त्यो वारला तवा बी न्हाय, येऊ नको म्हनला हुता ना.

आता सून म्हनती, "आत्या, तांदळातला खडा घावला की, अजून काय निवडताय?" मी ताट फिरवत ऱ्हाते. एक घावला की मला लई भ्या वाटतं.