भेस्तान केंद्र, पर्यवेक्षक मी

सुरतेजवळच्या भेस्तानमध्ये, आमच्या राहत्या खोलीत, दहावीची परीक्षा झाली. बोर्डाला हे अजून माहीत नाही.

गुजरात बोर्डाने त्या वर्षी परीक्षा रद्दच केली होती. कोरोनाने शाळेला कुलूप लावलं होतं, वर्ग मोबाइलमध्ये शिरले होते, आणि शेवटी सगळ्या पोरांना एकदम वरच्या वर्गात ढकलायचं ठरलं. आमच्या चाळीत त्या दिवशी काय तो आनंद! एरवी पोरं पास झाली की पेढे येतात. या वेळी पोरं परीक्षेलाच बसणार नाहीत म्हणून जिलेबी आली. (दोन घरांतून आली. दोन्ही घरांतल्या पोरांनी सहामाहीत गणितात भोपळा आणला होता.) आणि या सगळ्या गलक्यात माझी योगिता मात्र पत्र्याच्या पेटीवर बसून ढसाढसा रडत होती.

शेजारच्या जसुबेनला वाटलं, एवढ्या पोरांत आमचीच नापास झाली. ती धावत आली. "अरे, आमां तो बधा पास छे! रडे छे शुं?"

"बधा पास छे, एटले ज रडुं छुं!" योगिता ओरडली.

सगळेच पास, म्हणून तर रडू येत होतं. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. वर्षभर तिने जीव तोडून अभ्यास केला होता, आणि आता तो दाखवायचा कुठे? त्यात आमच्या ह्यांनी, म्हणजे योगिताच्या पप्पांनी, जेवता जेवता निकालच देऊन टाकला. "परीक्षाच दिधी नही, आनि सायन्सले जास म्हने! माले कसं समजी, तिले जमी का नही?"

तसे आमचे हे वाईट नाहीत. कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात रातपाळी करतात, धुळ्याकडून येऊन वीस वर्षं सुरतेत काढली, पण माल हातात घेऊन पारखल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. भाजीवाल्याकडे भेंडीसुद्धा मोडून बघतात. आता पोरीला कशी मोडून बघणार?

मला मात्र भयंकर राग आला. मी स्वतः नववीपर्यंत शिकले. दहावीच्या आधीच मला हळद लागली. बोर्डाची परीक्षा म्हणजे काय, ते बाक, ती घंटा, तो नंबर, यातलं काहीच मी पाहिलं नाही. माझ्या पोरीच्या वाट्याला तरी ते सगळं यावं असं मला फार वाटत होतं, आणि तेही आता गेलं होतं. मी ताट आपटलं आणि म्हटलं, "शेवाळे सरांना फोन लावते!"

शेवाळे सर योगिताचे वर्गशिक्षक. त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. शाळा बंद झाली तेव्हा आम्हाला वाटलं, आता मास्तर लोकांना सुट्टी. पण सर रोज एकेका घरी फोन करायचे, आणि पहिला प्रश्न अभ्यासाचा नसायचाच. "जेवलात का?" शाळेच्या फाटकावर त्यांनी धान्याच्या पिशव्या वाटल्या. कोणी भीतीने गावाकडे पळालं, तर तिकडे फोन करून धडे शिकवले. पुस्तकं तर स्कूटरवर घालून घरोघर पोचवली. ज्यांच्या घरी मोबाइल नाही त्यांच्यासाठी जुन्या विद्यार्थ्यांकडून जुने मोबाइल मागून आणले.

आमच्याकडे मोबाइल होता, पण एकच, आणि तो रातपाळीला कडोदऱ्याला जायचा. म्हणून अशा पोरांसाठी सर सकाळी रातपाळीवाले बाप घरी परतले की वेगळा वर्ग घ्यायचे. आमच्या चार्जरची वायर आखूड. ती फक्त ह्यांच्या उशीपर्यंत पोचायची. त्यामुळे सर वर्षभर ह्यांच्या कानाशीच शिकवत होते. हे झोपेत कूस बदलताना "समान... समान... म्हणून समान" असं पुटपुटायचे! आणि मी कोपऱ्यात बसून साड्यांवर चमकीचे खडे चिकटवायची, ते खडे चिकटवता चिकटवता सगळी दहावी ऐकली. योगिता एखादा धडा चुकवेल, मी नाही. महिनाभरात मला वाटायला लागलं की बोर्डाला मीच बसावं.

तर सरांना फोन लावला, स्पीकरवर. माझं रडगाणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुनंदाताई, बोर्डाने रद्द केली म्हणून काय झालं? ज्यांना परीक्षा द्यायचीय त्यांची मी घेतो! विज्ञानाचा पेपर, ऐंशी मार्कांचा, बोर्डासारखाच. तो मार्कशीटवर येणार नाही. पण पोरांना स्वतःला कळेल ना!"

योगिताचं रडणं एकदम थांबलं. ह्यांनी भाकरी खाली ठेवली. "बरं. साठ ऊनात तर सायन्स. एक बी कमी ऊना तर नही."

"पप्पा, प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

आता पेपर घरी, तर पर्यवेक्षक कोण? पालक! सरांनी मोबाइलवर सगळ्या पालकांना एकत्र घेतलं आणि नियम सांगितले. बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत. वहीत डोकवायचं नाही. मोबाइल असा ठेवायचा की वही दिसेल.

मी विचारलं, "सर, झडती घ्यायची का?"

सर म्हणाले, "हवी तर घ्या, ताई."

मी घेतली! परीक्षेच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसले, योगिताच्या हातावर दही-साखर ठेवली, आणि लगेच तिचे खिसे उलटे केले. वेणी सोडून बघितली. ("मम्मी, मी घरातच होते ना!" "नियम म्हणजे नियम!") भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, त्यावर चंद्राचे आकार छापले होते. कुकरलाही टॉवेल गुंडाळला, कारण वाफेचा धडा मी ऐकला होता. सर आदल्या दिवशी पेपरचं बंद पाकीट देऊन गेले होते. ते मी देवघरात ठेवलं होतं. मोबाइल पिठाच्या डब्यावर उभा केला, त्याचा डोळा वहीवर. त्यात एका बाजूला सर दिसत होते आणि खाली बाकीच्या पोरांच्या वह्या. हे रातपाळीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून घोरत होते.

सगळं झालं, पण घंटेशिवाय परीक्षा कशी? मी गॅलरीत गेले आणि स्टीलच्या थाळीवर पळीने ठण ठण ठण वाजवली.

पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही! मागच्या वर्षी सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या बडवल्या होत्या, ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. समोरची बाई थाळी घेऊन बाहेर आली. तिचं ऐकून खालचे आले. जसुबेन तर परात घेऊन आली आणि बडवता बडवता विचारते, "फरीथी कीधुं के?" म्हणजे पुन्हा बडवायला सांगितलंय का! दोन मिनिटांत अख्खी चाळ वाजायला लागली! पलीकडच्या गल्लीतूनही आवाज यायला लागले. मी जीव खाऊन हातवारे करत होते, "बंद करा, पेपर आहे!" आणि लोकांना वाटत होतं, मी आणखी जोरात म्हणतेय.

मोबाइलमधून सर विचारत होते, "सुनंदाताई, तिकडे लग्न आहे का?"

"नाही सर, घंटा झाली!"

कशीबशी शांतता झाली. योगिता मान खाली घालून लिहायला लागली. मी खोलीत दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे अशी गस्त घालायला लागले. (खोली तेवढीच आहे.) अर्धा पेपर झाला असेल, तेवढ्यात खिडकीतून काहीतरी सणसणत आलं आणि माझ्या खड्यांच्या डब्यावर आदळलं. डबा उडाला! लाल, हिरवे, निळे खडे सगळ्या खोलीभर, पेपरवर, ह्यांच्या पाठीवर, पिठात. खाली बघते तर दगड, आणि दगडाला गुंडाळलेला कागद.

कॉपी!

मी खिडकीतून डोकावले. खाली मोटरसायकलला टेकून माझा सख्खा भाऊ उभा होता. संजू! बारडोलीला साखर कारखान्यात असतो. भाचीची परीक्षा आहे हे त्याला कुठून तरी कळलं होतं. आणि आमच्या गावाकडे भाचीची परीक्षा म्हटलं की मामाने खिडकीखाली हजर राहायचं हा रिवाजच. लग्नात मामा नसला तरी चालेल, पेपरला पाहिजे! संजूने स्वतःच्या वेळी अख्ख्या वर्गाला दगड पुरवले होते.

"ताई, मी ऊनू!" तो खालून आनंदाने ओरडला. "लिही घे म्हना पटकन!"

मी कागद उघडून बघितला. इतिहास होता! तोही महाराष्ट्र बोर्डाच्या जुन्या गाइडमधून फाडलेला.

"अरे गाढवा, विज्ञानाचा पेपर आहे!"

"मंग थांब, विज्ञान बी शे खिसामा!"

सरांनी विचारलं, "काय झालं, ताई?"

"सर, खिडकीतून दगड आला."

"दगड?"

"कॉपीचा, सर. माझा भाऊच आहे, पण मी सोडणार नाही!" आणि मी ह्यांना गदागदा हलवलं. "उठा! भरारी पथक! खाली जा आणि धरा त्याला!"

हे लुंगी सावरत, पाठीवर खडे चमकवत खाली धावले आणि त्यांनी मेव्हण्याला मुद्देमालासकट पकडलंही. पण कोरोना सुरू झाल्यापासून मेव्हणा पहिल्यांदाच दारात आला होता. त्याला चहा न देता कसं परत पाठवायचं? भरारी पथकाने आरोपीचा हात धरून जिन्यावर आणलं, तिथेच बसवलं आणि मला हाक मारली. "अवं, चहा ठेव! साखर जास्त!"

त्यामुळे पर्यवेक्षकाला परीक्षेच्या हॉलमध्येच चहा ठेवावा लागला. आल्याचा. योगिताने एकदा वर बघितलं, डोळे मिटले आणि पुन्हा लिहायला लागली. मला तिचं फार कौतुक वाटलं. माझ्या पोरीने त्या गोंधळात एक ओळ सोडली नाही.

चहा बाहेर पोचवला आणि परत येताना माझी नजर तिच्या वहीवर गेली. (डोकवायचं नव्हतं. पण डोळे दिलेत देवाने, ते काय डब्यात ठेवू?) शेवटचा भाग होता, योग्य पर्याय निवडा. प्रश्न हृदयाचा. माणसाच्या हृदयाला किती कप्पे? आणि पोरीने लिहिलं होतं चार!

माझ्याच काळजाचा ठोका चुकला. तीन! हृदयाला तीन कप्पे, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, सरांच्याच तोंडून! साठला एक कमी पडला तर पोरीचं सायन्स जाणार. मी खाली पडलेले खडे वेचायचं निमित्त केलं, वाकले आणि बोट हळूच "तीन"वर ठेवलं.

योगिताने बोट ढकललं. मी परत ठेवलं. तिने परत ढकललं. मी डोळे वटारले. आता आईने डोळे वटारल्यावर कोणती पोरगी ऐकणार नाही? तिने सुस्कारा सोडला, चार खोडलं आणि तीन लिहिलं. मी गस्तीला निघून गेले, छाती पुढे काढून.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर टाकला. संजूही बारडोलीहून मुद्दाम आला होता.

"प्रकाशभाऊ, पेपर छान लिहिलाय. ऐंशीपैकी एकोणसाठ."

हे पंख्याकडे बघत बसले. योगिता परत पत्र्याच्या पेटीवर जाऊन बसली. मला वाटलं, आता ह्यांच्या पायाच पडावं, पण ह्यांनी मान हलवली. "सर, साठनी बोली व्हती."

"अहो, थांबा," सर म्हणाले, "एक मार्क द्यायचा राहिलाय. हृदयाच्या प्रश्नाला तिने आधी बरोबर लिहिलं होतं, चार. मग मोबाइलमध्ये मला एक बोट दिसलं. हिरव्या बांगड्यांचं. पोरीने ते दोनदा ढकललं. बोट काही ऐकेना."

सगळ्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मी हात पदराखाली घेतले.

"पण सर, तुम्हीच तीन कप्पे शिकवले होते ना!" मी म्हटलं.

"ताई, ते बेडकाला!"

मला एकदम आठवलं. त्या दिवशी खड्यांचं काम देणाऱ्या शेठचा माणूस साड्या न्यायला आला होता. मी बेडकापर्यंत ऐकलं आणि माणसाचं हृदय यायच्या आत साड्या घेऊन खाली गेले होते!

"योगिताचं पहिलं उत्तर मी धरतो," सर म्हणाले. "साठ!"

हे आधी हसायला लागले, मग हसता हसता गमछाने डोळे पुसायला लागले. "जाय पोरी, सायन्सले जाय!" योगिता त्यांच्या गळ्यात पडली. संजू उगाचच शिट्या मारत होता. मीही रडले, मनापासून. तेवढ्यात ह्यांना आठवलं. "सर, मंग कॉपीनी केस?"

"करावीच लागणार," सर गंभीरपणे म्हणाले. "पर्यवेक्षकावर."

दोन वर्षांनी योगिता बारावीची परीक्षा द्यायला गेली. खरी, बोर्डाची, बाकावरची, घंटेची! फाटकापर्यंत आम्ही दोघं सोडायला गेलो. आत जाता जाता ती शिपायाजवळ थांबली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "अंकल, बाकी सब ठीक है, बस मेरी मम्मी को खिड़की के पास मत आने देना!"