महजूबेचा कूड

केरकेन्ना बेटांभोवतीच्या समुद्रात मैलभर चालत जा, पाणी कमरेच्या वर येत नाही. म्हणून तिथे शेतासारखे समुद्राचेही वाटे असतात. महजूबेच्या घरचा वाटा नावाने तिच्या भावाचा, तिजानीचा. राबणं मात्र हिचं. तो स्फाक्स शहरात बसायचा आणि मासे खायला तेवढा उगवायचा!

चाळीस वर्षं तिने कूड रोवला. खजुरीच्या झावळ्या समुद्राच्या तळात दाटीने उभ्या करायच्या, की ओहोटीबरोबर माघारी निघालेला मासा कुडाकुडाने आपसूक टोकाच्या पिंजऱ्यात. कूड दरसाल नवा. शरदातला पहिला वारा सुटेपर्यंत रोवला नाही, तर ती जागा शेजाऱ्याने घ्यावी, हा गावचा रिवाज.

यंदा तिजानीची बायको आजारी पडली. महजूबा तीन आठवडे स्फाक्सला तिच्या उशाशी बसून परतली, तर घरच्या नऊच्या नऊ खजुरींचे शेंडे छाटलेले. भाऊरायांनी गोड रस काढून विकायला माणूस लावला होता, आणि पैसे न्यायला स्वतः आले होते. आता झावळ्या कुठल्या?

"मेल्या, झाडांचे गळे कापलेस!"

"आपा, जमिनीत खार चढलाय. मरणारच होती ती."

"मरणार तूही आहेस. कापू का तुझा आजच?"

तो हसला आणि दुपारची बोट धरून गेला. हिने दारोदार झावळ्या मागितल्या. खाराने सगळ्यांच्याच खजुरी खंगलेल्या, कोण देणार? वारा सुटला, रिवाजाने जागा गेली. दुसऱ्या सकाळी शेजारचा हमादी आपल्या झाडांच्या उरल्यासुरल्या झावळ्यांनी होडी भरून दारात हजर.

"खाला, रागावू नकोस. तळातली माशांची वाट दरसाल सरकते. यंदाची तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? दाखव ना, टोपलीभर मासे पाठवत जाईन."

"माझ्याच समुद्रातले?" ती म्हणाली. त्याने होडी पाण्यात लोटली.

ती निघाली. मनाशी पक्कं केलं होतं: वाट पन्नास पावलं चुकवून दाखवायची, बसू दे त्याला चिखल उपसत. पाणी मांड्यांपर्यंत आलं. मग तळव्यांना माशांच्या वाटेचा तो थंड प्रवाह लागला आणि पाय तिथेच थांबले. पुढे टाकायचे म्हटले, तरी उचलेनात.

"इथं," ती म्हणाली.

हमादीने पहिली झावळी रोवली. तिरकी रोवली गाढवाने. महजूबेने शिवी हासडली, आणि ती झावळी दोन्ही हातांनी सरळ धरून उभी राहिली.