प्राप्तिस्थान : अज्ञात

ती मूर्ती भंगलेली नव्हती. हे वाक्य मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्या समितीनं माझी पाठ थोपटली तिच्यापुढं नाही, आणि ज्याला ते सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा कला संग्रहालयाचा संचालक आहे. आमच्याकडं संचालक म्हटलं की लोकांना साखर कारखान्याचा संचालक वाटतो, आणि ते अगदीच चूक नाही, कारण संग्रहालय कारखान्याच्याच ट्रस्टचं. जुन्या गेस्ट हाऊसच्या चार खोल्या आणि एक हॉल. गावोगावच्या चित्रकला शिक्षकांची जलरंगातली चित्रं, लाकडी खेळणी, पितळी दिवे, थोडे वीरगळ. मी, एक कारकून, एक पहारेकरी. दिवसाला चार माणसं आली तर कारकून खूश असायचा.

त्या साली सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला. ऊस नव्हता, म्हणून गाळप नव्हतं. कारखान्याच्या आवारात चारा छावणी पडली आणि संचालक मंडळाच्या बैठकीत आमच्या हॉलचा विषय निघाला. कडबा भिजू नये म्हणून हॉल द्यावा. खरं तर भिजायला पाऊस कुठं होता, पण हॉल पाहिजे होता.

"जनावरांना वैरण न्हाई, आन ह्ये सायेब दगडं झाकून बसल्यात," एक संचालक म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

चेअरमन बैठकीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सरकारी मान्यतेची समिती यायची हाय ना तुमची? एक तरी चीज दाखवा, जी बघायला लातूरचा माणूस एसटीनं येईल. मग मी बघतो."

अशी चीज माझ्याकडं नव्हती. बारा वर्षं मी ते संग्रहालय हातानं उभं केलं होतं आणि तशी एकही वस्तू माझ्याकडं नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

आठवड्याभरानं कारखान्याचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर व्हरांड्यात येऊन उभा राहिला. माझ्याच वयाचा, अंगानं सडपातळ. हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढायचा, आता छावणीला वैरण आणायचा. म्हणाला, "सायेब, आमचं गाव वर आलंय."

त्याचं गाव धरणात गेलं होतं. पाणी आटत आटत तळाला गेलं तशा भिंतींच्या रेषा दिसायला लागल्या, मग पार, मग देवळाचे खांब. धरण भरलं त्या वर्षी पाणी सांगितल्यापेक्षा आधी चढलं आणि गावची देवी आतच राहिली होती. ती बोच त्या गावाला होतीच. आता गाळात तिचं डोकं दिसत होतं. नव्या गावठाणात अजून देऊळ नव्हतं, उघड्यावर ठेवली तर चोरी जाईल, म्हणून तो मला विचारायला आला होता.

मी गेलो. गाळ काढला. काळ्या दगडातली महिषासुरमर्दिनी, अडीच फुटांची, आठही हात शाबूत, त्रिशूळाचं टोकसुद्धा शाबूत. मी गाळात गुडघ्यांवर बसलो होतो आणि मला उठवेना. लातूरचाच काय, पुण्याचा माणूस आला असता.

गावचे म्हातारे गुरव तिथं होते. मी त्यांना म्हणालो, "देऊळ उठेपर्यंत आमच्याकडं ठेवतो. देऊळ झालं की तुमची तुम्हाला. हवं तर कागद करू."

"तुमी शबूद देताय ना," गुरवबाबा म्हणाले, "मग कागद कावून?"

कडब्याच्या पेंढ्या घालून मूर्ती ट्रॉलीत ठेवली. ड्रायव्हर पायी चालल्यासारखा ट्रॅक्टर चालवत होता. तरी नाल्याच्या उतारावर मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि दणका बसला. तो उडी मारून मागं आला. चेहरा पार उतरलेला. "आईला काय झालं तर न्हाई ना, सायेब?" मी म्हणालो, तिथं गेल्यावर सोडून बघतो. संग्रहालयात पोचल्यावर बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता. त्याला तसा निरोप द्यायचा राहिला. तेव्हा त्यात कपट काही नव्हतं, नुसता राहिला.

चेअरमन येऊन मूर्ती बघून गेले. "हीच," एवढंच म्हणाले. हॉलचा विषय थांबला. समितीचं पत्र आलं, तारीख ठरली.

देऊळ म्हणजे मी दगडी देऊळ धरून चाललो होतो. दोन-तीन वर्षं सहज जातील. पण गावकऱ्यांनी छावणीतली जनावरं सांभाळता सांभाळता चौथरा बांधला, वर पत्रे टाकले, आणि समिती यायच्या आठ दिवस आधी सात-आठ जण व्हरांड्यात येऊन बसले. पुढं गुरवबाबा, मागं ड्रायव्हर. नवं लुगडं आणलं होतं देवीला. हिरवं.

"न्यायला आलोत," गुरवबाबा म्हणाले.

मी पाणी मागवलं. पाणी येईपर्यंत मला दोन मिनिटं मिळाली. 'आठ दिवस थांबा' एवढं म्हणता आलं असतं, आणि ते थांबलेही असते. पण समितीनं पाहिलेली वस्तू नंतर जागेवर नसली तर मान्यता कशी टिकणार, हे मला दिसत होतं. माझी नजर ड्रायव्हरवर गेली. तो माझ्याकडंच बघत होता, त्या नाल्याच्या उतारावर बघितलं होतं तसाच. मला त्याच्या चेहऱ्यातच उत्तर सापडलं.

"कसं सांगू तुम्हाला," मी म्हणालो. "वाटेत दणका बसला, त्यात भंगली. सांगायचं धाडस होत नव्हतं."

मग मागचा एक तरणा माणूस ड्रायव्हरला म्हणाला, "बे, उसाची ट्रॉली हाणतोस तशी आई हाणलीस व्हय?"

ड्रायव्हर खाली बघत होता. "बसलता दणका," तो म्हणाला. "मी सायबाला तवाच म्हनलो होतो."

त्यानं माझं खोटं स्वतःच्या तोंडानं पक्कं केलं. मी मान हलवली.

मला वाटलं होतं, भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, तेव्हा आता हे लोक उठून जातील. पण गुरवबाबांनी लुगड्याची घडी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "मग तुकडे द्या. तिला गंगंत सोडावी लागंल. अशी फळीवर ठिवता यायची न्हाई."

खंडित मूर्ती पाण्यात सोडतात हे मला माहीत नव्हतं का? मूर्तिशास्त्र शिकलेला माणूस मी. पण खोटं बोलताना पुढचं एकच पाऊल दिसलं होतं.

"उद्या दुपारी या," मी म्हणालो. "व्यवस्थित बांधून देतो."

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याला जेवायला घरी पाठवलं. मागच्या अंगणात एका पडक्या देवळाच्या चौकटीचे दगड होते, अजून क्रमांक न घातलेले. तसाच काळा दगड, कडेला कोरीव वेल. त्यातला एक मी घणानं फोडला. बारा वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो की दगडाला नुसता घामेजला हातसुद्धा लावू नका. तीन तुकडे झाले. लाल कापडात बांधले, सुतळीनं आवळले. आतल्या खोलीत कुलपाआड ती उभी होती, मधे फक्त एक भिंत.

ते आले. मी म्हणालो, उघडू नका. गरज नव्हती सांगायची, गुरवबाबाच म्हणाले, "खंडित तोंड बघूने." पण त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला. गाव बुडायच्या आधी तीस वर्षं तिला न्हाऊ घातलेले हात. ते कापडावरून चाचपत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी दाराची चौकट धरून उभा होतो. हात थांबले. त्यांनी वर बघितलं.

"पाण्यानं लई झिजली," ते म्हणाले.

त्यांना कळलं होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. ते आता नाहीत.

मला बरोबर जावंच लागलं. गंगा म्हणजे आमची गोदावरी, त्या साली नुसती वाळू होती. कारखान्याला पाणी उपसण्यासाठी खोदलेल्या खड्ड्यात तेवढं हिरवट पाणी उरलेलं. ड्रायव्हरनं गाठोडं डोक्यावर घेतलं. चपला काठावर काढून तापल्या वाळूतून चालत निघाला. कुणी मदतीला हात लावला नाही आणि त्यानंही मागितला नाही. खड्ड्यात उतरला, छातीभर पाण्यात गेला, गाठोड्यासकट खाली बसला. पाणी वरून मिटलं. किती वेळ, ते मी मोजलं नाही. बायका रडायच्या थांबल्या. एक जण पुढं सरकला तेव्हा तो वर आला, हात मोकळे, तोंडावर शेवाळ.

तेव्हा बोलता आलं असतं. काठावर सगळं गाव होतं. मी चष्मा पुसत उभा राहिलो.

परत निघताना त्यानं चपला घेतल्या नाहीत. मला वाटलं, विसरला.

समिती आली, मूर्तीपुढं बराच वेळ थांबली, मान्यता मिळाली. नोंदवहीत मी लिहिलं : महिषासुरमर्दिनी, काळा पाषाण, स्थिती उत्तम, प्राप्तिस्थान अज्ञात. अक्षर माझं चांगलं आहे. आजही ते पान उघडलं की अक्षर चांगलंच दिसतं. त्या गावचं कुणी संग्रहालयात येणार नाही हे मी धरून चाललो, आणि तसंच झालं. एसटीनं लातूरचे लोक मात्र येतात.

ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सोडला. गावानं त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. फक्त त्या चौथऱ्यावर चढू नको म्हणाले, आणि तो कधी चढला नाही. शिरूर कासारकडच्या एका टोळीत बायकोला घेऊन ऊसतोडीला जायला लागला. जो ट्रॉल्या ओढायचा, तो आता डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रॉल्या भरायला लागला. हंगाम संपला की वर्षातून एकदा माझ्याकडं यायचा. व्हरांड्यात बसायचा, चहा प्यायचा. आत यायचा नाही. मीही कधी 'आत या' म्हणालो नाही. बाहेर तो आणि आत ती, मधे मी पेपर वाचल्यासारखं करत बसायचो.

गेल्या उन्हाळ्यात आला तो लंगडत. पायाला फडकं गुंडाळलेलं, घाण वास येत होता. मी विचारलं, काय झालं.

"उसाचं बुडूख घुसलं. भरंना झालंय."

"चप्पल घालत नाही का तुम्ही?"

"न्हाई वो. तवापसनं न्हाई." मग जरा हसून म्हणाला, "आईला खाली पाडली म्या, सायेब. पायात कसं घालू?"

तोडलेल्या उसाचं बुडूख किती धारदार असतं ते ज्यानं बघितलंय त्याला मी काही सांगायला नको. इतके हंगाम तो त्यात अनवाणी चालत होता, आणि मला वाटत होतं की चपला विसरला.

मी म्हणालो, अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. चिठ्ठी लिहून दिली. एवढंच केलं. तिथं त्याची दोन बोटं काढली. भेटायला गेलो तेव्हा मोसंबी घेऊन गेलो. तो खाटेवर उठून बसायला लागला, मी नको म्हणालो. त्याची बायको म्हणाली, "सायेब, तुमी तरी सांगा ह्यांला. झालं ते झालं, आता घाला म्हनावं पायात कायतरी." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. मी म्हणालो, "त्यांची श्रद्धा आहे." आणि पिशवी खुर्चीवर ठेवून निघालो.

त्या वाक्यानं मला हे लिहायला बसवलंय. व्हरांड्यातलं खोटं निदान भीतीपोटी होतं. खाटेशेजारचं कशापोटी होतं? मान्यता जाणार नव्हती, हॉल जाणार नव्हता. मला फक्त तिथून निघायचं होतं.

नोंदलेली वस्तू ट्रस्टच्या ठरावाशिवाय बाहेर देता येत नाही, ठराव मांडायचा तर खरं सांगावं लागेल, आणि खरं सांगितलं की ही खुर्ची राहणार नाही. हे सगळं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की ते नियमासारखं वाटायला लागलंय. हे लिहून काही फिटलं, असंही मी म्हणत नाही. तो हे वाचणार नाही.

त्या गावाला त्यांची देवी परत द्यायची आहे, अखंड आहे तशी. आणि त्याच्या गावासमोर, त्या चौथऱ्यापाशी उभं राहून मला सांगायचं आहे की त्याच्या हातून काहीही मोडलं नव्हतं. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.