खरा काटा

ती घटना आजही मला स्वस्थ बसू देत नाही. मी तेव्हा अमरावतीला गुन्हे शाखेत होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एका बाईचा फोन आला. बडनेरा रोडला व्हिडिओ गेमच्या पाटीआड मशीनवर रूलेट, म्हणजे चाकावर गोटी फिरवून आकड्यांवर पैसे लावायचा जुगार, चालतं आणि तिचा नवरा दर्यापूरहून जीप धरून रोज तिथं येतो, अशी खबर होती. खबरे नाव सांगत नाहीत. हिनं स्वतःचंही सांगितलं आणि नवऱ्याचंही. तो थांबला नाही तर मुलीला घेऊन हिवरखेडला माहेरी जाणार आणि परत येणार नाही, हेही सांगून टाकलं.

पंच सोबत घेऊन छापा घातला. बाकीचे मागच्या दाराकडे धावले. तिचा नवरा मात्र आमचीच वाट पाहत असल्यासारखा पुढं आला. बाजार समितीत मापारी होता, सोयाबीन आणि कापूस तोलण्यात हयात गेलेली. मशीनकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, काटा खोटा आहे. जिथं सारखं कमी येते, तिथं काटा मारेल असते."

मलाही तसंच वाटलं. जुगाराचा गुन्हा होताच. मशीनमध्ये फेरफार निघाला असता तर फसवणुकीचं कलमही लागलं असतं. तिथल्या मॅनेजरला समोर बसवलं, दरडावलं, चहा पाजला, पुन्हा दरडावलं. मशीनला हात लावायची आम्हाला गरजच काय, एवढंच तो म्हणत राहिला. इतका निवांत आरोपी मी पाहिला नव्हता, आणि त्याचा मला भयंकर संताप आला. मशीन तपासणीला पाठवलं. अहवाल आला की कुठलाही फेरफार नाही.

मला चैन पडेना. कागदावर रूलेटचा पट काढला, एक ते छत्तीस आकडे आणि वर एक शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला. नवरा-बायकोला ठाण्यात बोलावलं.

मापाऱ्याच्या खिशात नमुन्याचे सोयाबीनचे दाणे होतेच. प्रत्येक घरात एक दाणा ठेवायला सांगितलं. सदतीस दाणे गेले. मी म्हणालो, आता कुठलाही आकडा येऊ दे, जिंकणाऱ्याला आपला दाणा धरून छत्तीसच परत मिळतात. एक दाणा दुकानदाराचा. एखादा दिवस तू जिंकशील, पण रोज खेळलास तर तो दाणा गळतच राहणार. गोटी कुणी अडवायची गरज नाही.

त्यानं दाणे दोनदा फिरवून पाहिले. "म्हंजे ही कट्टी झाली," तो म्हणाला. पोत्यामागं ओलाव्याच्या नावानं माल कापतात, ती कट्टी. काटा बरोबर असतो, तरी हातात कमीच येतं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्याचा चेहरा उतरला. फसवला गेलो, असं म्हणत तो आजवर घरात मान वर करून वावरत होता. आता तेही गेलं. बायकोकडे न पाहता त्यानं माझ्यापुढं हात जोडले.

"साहेब, तुमी काटा खोटा आहे असंच लिहा ना जी."

मला दया आली. एका ओळीनं कुणाचा संसार टिकत असेल तर काय बिघडतं, असा विचार क्षणभर येऊन गेला. तेवढ्यात ती बाई बोलली.

"लिहू नका साहेब. हा काटा खोटा निघाला, तर हे खरा काटा हुडकत फिरतीन."

मी अहवालात होतं तेच लिहिलं. दोघं एकाच जीपनं दर्यापूरला गेली, एवढं मी पाहिलं.

उभ्या नोकरीत मी खोटेपणा पकडत आलो. सरळ चालणाऱ्या खेळातही माणूस बुडतो, हे मला त्या बाईनं शिकवलं. आता कुणी छातीठोकपणे सांगितलं की अमुक ठिकाणी खेळ अगदी इमानदारीत चालतो म्हणून तिथंच खेळतो, तर मी आधी त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारतो.