मशीन कुठं आहे ते सांगणारी राजश्री

राजश्री माझी थोरली सून. तिच्यावर काही लिहावं एवढी माझी लेखणी नाही, पण हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं गाव अहमदपूरजवळ. थोरला मुलगा अंबरीश ट्रॅक्टर चालवतो आणि त्यावर सोयाबीनची रास करायचं मळणी यंत्र. गिऱ्हाइकांचे फोन, कामाचा क्रम, सगळा कारभार राजश्रीकडे. हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. तेवढ्यात यंत्र उभं राहिलं की वर्ष गेलं. म्हणून यंत्रवाल्यांची जुनी रीत अशी, की दुसरा आधी पोचून गिऱ्हाईक पळवेल म्हणून उद्या कुठं जाणार ते सांगायचं नाही, आणि कुणी विचारलंच तर उलटी दिशा सांगायची.

गेल्या वर्षी राजश्रीनं ही रीत मोडली. ओळखीच्या यंत्रवाल्यांचा फोनवर ग्रुप केला आणि पहिला निरोप स्वतःच टाकला, 'आमच्या गावात सोयाबीनच्या गंज्या वाळल्यात. आम्हाला एकट्यांना उरकत नाही. एक मशीन या.'

गल्लीतल्या उद्धवरावांचंही यंत्र आहे. ते ओसरीवर येऊन म्हणाले, "सूनबाई, गिऱ्हाईक काय हळदीकुंकवाचं वाण हाय का, बोलावून वाटायला?"

"पाऊस आला तर वाटायलाबी काही उरायचं न्हाई, मामा."

ग्रुपातला देगलूरचा मल्लेश आपलं यंत्र घेऊन आला आणि अर्धं गाव त्यानं उरकलं. काम लवकर संपलं, आमचं यंत्र दारात उभं राहिलं. उद्धवराव जाता-येता यंत्राकडं बघून हसत. गाव हातचं गेलं, असं मलाही वाटलं. राजश्री मात्र निवांत होती.

दुसऱ्याच दिवशी मल्लेशचा फोन आला. "अक्का, आमच्याकडं आत्ता वाळलंय. तीन गावं हायत, मला एकट्याला होईना. या."

अंबरीश त्याच दुपारी निघाला, तो दिवाळीच्या तोंडावर परतला. तिकडच्या लोकांनी पुढच्या हंगामासाठी राजश्रीचा नंबर घेऊन ठेवला. आमच्या गावानंही यंदा पहिला फोन तिलाच केला. ती 'परवा' म्हणाली की परवाच यंत्र येतं, नाही जमलं तर दुसऱ्याचं पाठवते, हे लोकांना कळून चुकलं होतं.

उद्धवराव मात्र गेल्या हंगामात चाकूरला चाललो म्हणून सांगून कंधारकडं गेले होते. तिथली रास आदल्याच दिवशी झालेली. ग्रुपवर ते आलं होतं. रिकामेच परतले.

यंदा दसऱ्याआधी ते पुन्हा ओसरीवर आले. राजश्रीनं चहा दिला.

"त्या ग्रुपात माझाबी नंबर टाक की, सूनबाई."

"टाकते. उद्या मशीन कुठं जाणार, मामा?"

"चाकूर..." म्हणाले आणि थांबले. कपबशी खाली ठेवली. "न्हाई. कंधारला."

राजश्रीनं फोन हातात घेतला आणि त्यांचा नंबर ग्रुपात टाकला.