डाव्या खांद्यावरची बंदूक

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि पोळ्या लाटून लाटून बोटं अशी आखडलीत की पेन नीट धरता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. तोंडाने मी हे एका बाईला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. चार माणसांत माझा आवाजच फुटत नाही.

आम्ही ॲन आर्बरच्या बाहेर राहतो. दिरांनी ग्रीन कार्डावर बोलावलं म्हणून आलो. माझे मालक एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे, मी गावातल्या सहा मराठी घरांना पोळ्या करून देते. आमचं बरं चाललं होतं. गोदामातला एक म्हातारा गोरा सोबती रिटायर झाला, त्याने जाताना आपली जुनी बंदूक मालकांना स्वस्तात विकली. खाली कडी असते, ती पुढे ढकलून मागे ओढली की पुढची गोळी वर येते, तसली. उत्तरेला दोन-अडीच तासांवर त्या सोबत्याची जमीन आहे. तिथे जाऊन मालकांनी दोन वर्षं हरणं आणली. एका हरणात आमचा फ्रीझर अर्धा भरतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून केलं की बोकडाच्या मटणाची आठवण येत नाही.

मग साखरेने मालकांचा उजवा डोळा घेतला. आत रक्त उतरलं. सुया झाल्या, लेझर झालं, डोळा आला नाही. डावा राहिला, पण डॉक्टर म्हणाले की त्यालाही जपा, वजन उचलू नका, हिसके देऊ नका. फोर्कलिफ्ट गेली. मालक सोफ्यावर बसले ते उठेनात. टीव्ही बंद असला तरी टीव्हीकडे तोंड. जेवायला बोलावलं तर, "ठेव तिथं." मी रोज जेवण झाकून कामाला जायची आणि आल्यावर तसंच उचलायची. असे सात महिने गेले. माणूस समोर बसलाय आणि घरात आपण एकट्याच आहोत, हे मी कुणाला कसं सांगणार होते?

एक दिवस ते आपणहून बोलले. म्हणाले, "ती बंदूक विकून टाक. आंधळ्याला काय करायची?"

मला वाटलं, बंदूक गेली की हे परत कधीच उठणार नाहीत. का वाटलं ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "अहो, डावा डोळा आहे ना?"

"डाव्या डोळ्याने नेम धरायची मागची खाच दिसत नाही. सगळं धुरकट. तुला काय कळतंय त्यातलं?"

मला काहीच कळत नव्हतं, हे खरं. पण विकू दिली नाही. पैसे काकूंकडे मागितले. काकू पुण्याच्या, रिटायर डॉक्टर, मोठ्या घरात एकट्या राहतात. माझं सगळ्यात जुनं घर त्यांचंच. त्यांच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. बंदुकीसाठी म्हटलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून मी म्हटलं, मालकांच्या डोळ्यात घालायचं औषध आणायचंय, तीनशे डॉलर हवेत.

"कुठलं औषध? नाव काय?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

मी डॉक्टरबाईंशी औषधाचं खोटं बोलत होते. तोंडाला येईल ते नाव सांगितलं. अर्धं आमच्या गावाकडच्या बामचं होतं. काकू आत जाऊन पैसे घेऊन आल्या. "सावकाश दे," एवढंच म्हणाल्या.

बंदूक मी रिकामी करून पेटीत घातली आणि गाडीच्या डिकीत ठेवून दुकानात नेली. मालक आले नाहीत. दुकानात भिंतभर मेलेल्या हरणांची डोकी आणि सगळे पुरुष. मी दाराशीच उभी राहिले, कुणी विचारेल म्हणून. शेवटी काउंटरमागचा पांढऱ्या मिशीचा दुकानदार स्वतःच बाहेर आला आणि पेटीचं दुसरं टोक धरून म्हणाला, "मॅम, ही आपण दोघं मिळून टेबलावर ठेवू."

मी घरून पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं. यावर दुर्बीण बसवा, नवऱ्याला दिसत नाही.

त्याने कडी ओढून आत बोट घालून बघितलं, मग वरची फट दाखवली आणि हातवारे करत सावकाश बोलला; इंग्रजी ऐकून मला कळतं, बोलायला फारसं जमत नाही. "हिचं रिकामं काडतूस इथून सरळ वर उडतं. दुर्बीण लावली तर दुर्बिणीवर आपटेल. या जुन्या बंदुकीला दुर्बीण नको." माझा चेहरा पडलेला त्याला दिसला असणार. "कोणता डोळा गेला?"

"राइट."

"मग डाव्या खांद्यावरून मारू दे की. कडीच्या बंदुकीला डावं-उजवं काही नसतं. हात तेवढा बदलायचा." आणि ड्रॉवरमधून त्याने एक लहानशी लोखंडी चकती काढली, मधे भोक. तिला ते पीप म्हणतात. ती मागे, डोळ्याजवळ बसते. "मागची खाच बघायची म्हणजे डोळ्याला जवळचंही बघायचं आणि लांबचंही. म्हाताऱ्या डोळ्याला ते जमत नाही. भोकाकडे बघायचंच नाही. भोकातून बघायचं. नळीच्या टोकावरचा मणी हरणावर ठेवायचा, बस्स."

त्याने चकती माझ्या हातात दिली. मी डोळ्याला लावून भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. माझ्याही डोळ्यांना आता चाळिशी लागलीय, पण त्या बारीक भोकातून अक्षरं एकदम कोरल्यासारखी दिसली. वाचता नाही आली, इंग्रजी होती. पण दिसली.

मग मी गोळ्यांची पिशवी काढली. सोबत्याने बंदुकीबरोबर दिलेली, त्याने घरीच भरलेल्या गोळ्या. तेवढाच खर्च वाचेल असं मला वाटत होतं. दुकानदाराने पिशवी टेबलावर ओतली आणि त्याचं हसू गेलं. त्यातल्या तीन बाजूला काढल्या. त्यांची टोकं सुईसारखी होती.

"या कुणी वापरल्या?"

मी मान हलवली. म्हटलं, मालकांनी.

"या बंदुकीत गोळ्या नळीत एकामागे एक झोपतात. मागचीचं टोक पुढचीच्या बुडावर टेकतं, आणि ठिणगी तिथेच असते. धक्क्याने टोक घुसलं तर..." त्याने दोन्ही मुठी उघडून दाखवल्या. "हिला चपट्या तोंडाचीच गोळी लागते. या मी ठेवून घेतो."

दोन वर्षं मालक ती पिशवी खिशात घालून फिरले होते.

नव्या गोळ्या घ्यायच्या तर जड की हलक्या, त्याने विचारलं. मी विचारलं, कमी हिसका कशाचा? डोळ्याचं त्याला नीट समजावता आलं नाही, मी फक्त डोळा दाखवला आणि खांद्याला धक्का दिल्यासारखं केलं. त्याला समजलं. त्याने हलक्या हिसक्याचे दोन खोके दिले, महाग होते. म्हणाला, शंभर यार्डांच्या पलीकडे मारायचं नाही, आणि पीप या गोळीवर जुळवली की दुसरी गोळी घालायची नाही, नाहीतर नेम सरकेल. सगळं मिळून तीनशेतले अकरा डॉलर उरले.

डोळ्याच्या डॉक्टरांना मी विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते. हे मी स्वतःच्या जबाबदारीवर केलं, आणि पुढे ते मला फार जड गेलं.

मालकांना नेम जुळवायला नेण्यासाठी मला दोन आठवडे लागले. शेवटी मी चिडून म्हटलं, "तीनशे डॉलर उधार घेतलेत. येणार नसाल तर मी मारते." सात महिन्यांत पहिल्यांदा ते हसले. म्हणाले, "तू? पाल मारता येत नाही तुला." पण चपला घातल्या.

दुकानामागच्या मैदानात त्यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. हात उलटे पडत होते, कडी अडखळत होती. पहिल्या गोळ्या खाली गेल्या. दुकानदाराने चकतीचा स्क्रू फिरवला. दहाव्या-बाराव्या गोळीनंतर कागदावरची भोकं तळहाताखाली झाकता येतील एवढ्यात आली. मालकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मी मात्र प्रत्येक आवाजाला त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत होते.

त्यानंतर खंडेनवमी आली. घरची रीत अशी की ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची. मी पोळपाट-लाटणं मांडलं, गाडीची किल्ली मांडली. बंदूकही पेटीतून काढून मांडली. रिकामी आहे ना, दोनदा पाहिलं. ओलं कुंकू लावताना वाटलं, हिचा डोळा म्हणजे ती चकती, तिथेच लावावं. तिथे जरा जास्तच लावलं. हात जोडून म्हटलं, एवढा एक डोळा ठेव. दुसऱ्या दिवशी पेटी बंद केली.

नोव्हेंबरात शिकारीचा पहिला दिवस. गाडी मी चालवली. अंधारात मालकांना पाय टाकता येत नाही, म्हणून त्यांचा हात धरून मीही नारिंगी जाकीट घालून झाडाखाली जाऊन बसले. थंडीने दातावर दात. हळूहळू उजाडलं, आणि पडक्या कुंपणाजवळ हरीण आलं. शिंगं होती. साठ पावलांवर असेल. मालकांनी बंदूक खांद्याला लावली.

मी श्वास धरून बसले. आवाज झाला नाही. ते मान सरकवत होते, पुन्हा लावत होते. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बंदूक खाली आली. हरीण आमच्याकडे बघून, शेपूट वर करून, निघून गेलं.

"गेला," मालक म्हणाले.

"जाऊ द्या, दुसरं येईल."

"हरीण नाही गं. डोळा. हाही गेला. अंधार आहे नुसता. लाल अंधार."

उजवा गेला तेव्हाही त्यांनी हेच शब्द म्हटले होते, लाल अंधार. मैदानातले ते धक्के, न विचारलेला डॉक्टर, काकूंशी खोटं, सगळं एकदम अंगावर आलं. मीच यांना आंधळं केलं. ते गुडघ्यात डोकं घालून बसले होते आणि रडत होते. लग्नाला तीस वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता यांना गाडीपर्यंत न्यायचं कसं आणि घरी जाऊन करायचं काय, मला काही सुचेना. मी नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. ऊन जाकिटावर आलं.

मग ते डोकं वर करून म्हणाले, "तुझ्या नाकाला पाणी आलंय. पूस."

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला माझं नाक दिसतंय?"

मी म्हटलं, ते कुंपण? दिसतंय. त्याच्यावरचा पक्षी? दिसतोय. मग मी म्हटलं, आधी गोळ्या काढा. त्यांनी कडी ओढून ओढून सगळ्या गोळ्या काढल्या, मी मोजून घेतल्या. मग चकती बघितली. भोक नव्हतंच. माझं कुंकू वाळून त्यात घट्ट बसलं होतं.

सांगू की नको असं झालं. पण लपवणार कुठे? मी मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली आणि खरवडायला लागले.

"काय आहे ते?"

"कुंकू. नवमीला लावलं होतं."

ते बघतच राहिले. "बंदुकीला कुंकू? भोकात?" मग आवाज चढला. "माझा जीव गेला होता इथे! अगं, तिची ओटी भरायची तेवढी का ठेवलीस?" आणि मग ते हसायला लागले, डोळे पुसत, हसत, मधेच पुन्हा शिव्या देत. मी खाली मान घालून पिन फिरवत राहिले. पूर्ण निघेना, तेव्हा त्यांनी ती चकती स्क्रूसारखी फिरवून काढूनच टाकली. ती जिच्यात बसायची त्या कडीला मोठं भोक होतं, त्यातून आणखी उजेड दिसत होता. तसंच चालतं, म्हणाले.

दुपारी उशिरा दुसरं हरीण आलं, मादी. त्यांच्याकडे मादीचाही परवाना होता. एक गोळी लागली. ती पडली तशी मालक आधी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "दिसलं मला."

डोळा काही बरा झालेला नाही. दर दोन महिन्यांनी तारीख असते आणि आदल्या दिवशी आम्ही दोघंही जेवत नाही नीट. पण मालक आता सोफ्यावरून उठतात. माझी कणीक तेच मळून देतात, सहा घरांची. हात भक्कम आहेत.

काकूंना मी दर आठवड्याला वीस डॉलर देत गेले. शेवटच्या वेळी नोट हातात धरून मी सगळं सांगितलं, एका दमात, त्यांच्याकडे न बघता. बंदूक, पीप, हरीण, कुंकू, खोटं औषध.

काकू म्हणाल्या, "अगं, बामाच्या नावाचे ड्रॉप्स नसतात, एवढं मला कळलं होतं. मला वाटलं, माहेरी पाठवतेस." मग म्हणाल्या, "धक्क्यांबद्दल डॉक्टरांना विचारायला हवं होतंस. मला तरी विचारायचंस. खोटं बोललीस त्यापेक्षा त्याचा राग आलाय मला."

मी मान हलवली. त्यांनी नोट घेतली, टेबल पुसून पोळ्यांचा डबा जवळ ओढला. म्हणाल्या, "त्यांच्या पुढच्या तारखेला मी येते बरोबर. आणि ते मांस माझ्या डब्याच्या शेजारी ठेवत नाहीस ना?"

"नाही हो काकू, वेगळ्या पिशवीत."

"मग झालं. तीनशे फिटले."