भाऊजींचं बारावं घड्याळ

सोमवार, १३ नोव्हेंबर २००६. माझ्या रोजनिशीत त्या दिवसाची पहिली ओळ अशी आहे : 'वणीहून घड्याळं आली. दोन. भाऊजींचा चहा दोनदा निवला.'

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, सदाशिव. यवतमाळहून बाभुळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंग होतं, तिथे ते ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचे, डोळे मिटायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत तंतू ओढायचे आणि प्रत सांगायचे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. लग्न केलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा आपली ट्रंक घेऊन ते आमच्या पुढच्या खोलीत राहायला आले आणि मग तिथलेच झाले. सकाळचा पेपर, दोन वेळचं जेवण आणि रोजचं एक भांडण, एवढा आमचा संसार.

त्यांच्याकडे अकरा घड्याळं होती. जुनी, किल्लीची, एकेक करून जमवलेली. दर रविवारी सकाळी ती पलंगावर ओळीने मांडून मऊ फडक्याने पुसायची, हा त्यांचा नेम.

"वहिनी, माझ्या अकरा बायका आहेत. एकीनंही आजवर उलट उत्तर दिलं नाही."

"किल्ली दिली नाही की मुकाट्यानं बंद पडतात, म्हणून," मी म्हणायची.

बाराव्या घड्याळासाठी त्यांनी लोहारा गावातला आपला रिकामा प्लॉट विकला होता. भीमराज हा त्यांचा कॉलेजातला मित्र. वणीच्या कोळसा खाणीत अधिकारी होता, निवृत्त होऊन मुलाकडे परगावी निघाला होता. त्याच्याकडे दोन भारी स्विस घड्याळं होती, दोन्ही खेळाडूंसाठी घडवलेली. त्याने दोन्ही पाठवून दिली : आठ दिवस ठेव, एक निवड, दुसरं परत कर.

एक होतं पाणबुड्यांचं. काळी तबकडी, जाड पोलादी अंग, कडेला फिरणारी कडी आणि चांगला दोन बोटं रुंद रबरी पट्टा. दुसरं मोटारींच्या शर्यतीचं. पांढऱ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन खटके, पट्टा मात्र बारीक, कातड्याचा. मला घड्याळातलं फारसं कळत नाही, पण त्या पांढऱ्यावरून माझीही नजर हलेना.

एरवी नवीन घड्याळ आलं की भाऊजी ते माझ्या कानाला लावायचे, भिंग घेऊन तासभर त्यातच बुडायचे. त्या दिवशी भिंग ट्रंकेतच राहिलं. त्यांनी मला विचारलं, "पट्टा कोणाचा रुंद दिसतो, वहिनी?"

"दिसतोच आहे की. काळ्याचा."

"हे घालून आंघोळ करता येते. महिनोन्‌महिने काढलं नाही तरी याचं काही बिघडत नाही."

"अहो, अंग घासायला तरी काढाल!"

"काहून? काढायचं काहून?" ते एकदम चिडले. मग ओशाळले, आणि चहा गार झालाय म्हणून माझ्यावरच रागावले.

माझी सवय अशी की मन अस्वस्थ झालं की मागची पानं चाळायची. शाळेत नन्सनी आम्हाला रोज चार ओळी लिहायला लावल्या, त्या अजून सुटल्या नाहीत. त्या संध्याकाळी मी मागे गेले. ११ सप्टेंबर : 'भाऊजींच्या डाव्या हाताच्या बोटाला गरम पेल्याने फोड आला. त्यांना कळलंच नाही, मी ओरडले तेव्हा पाहिलं.' २ ऑक्टोबर, दसरा : 'भाऊजींनी सोनं माझ्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं.' २९ ऑक्टोबर, रविवार : 'घड्याळं पुसली नाहीत.' ८ नोव्हेंबर : 'हल्ली स्वतःचं ताट-पेला स्वतः घासतात, वेगळ्या फळीवर ठेवतात. म्हणे, कामवालीला त्रास नको.'

एकेक नोंद लिहिताना काही वाटलं नव्हतं. ओळीने मात्र दुसऱ्यांदा वाचवेनात. मी वही मिटली. ज्या शब्दाकडे मन चाललं होतं, तो मी पुढे येऊ दिला नाही.

गुरुवारी दुपारी विमलताई आली. बाभुळगावजवळच्या खेड्यातली ही बाई दर वर्षी आम्हाला तूर आणून देते. तुरीचे दिवस नव्हते आणि हातात पिशवीही नव्हती.

"बाई, तुमचे भाऊजी कुठं हाय? लपले काय घरात?"

"जिनिंगमध्ये आहेत. काय झालं?"

"काय होईन! काल माही गाडी नेली मी. सीतादही केलं त्या दिवसचा कापूस, माह्या हातानं वेचलेला. यायनं हाती घेतला, उजेडाकडं धरून पाह्यला, अन्‌ मनते काय, फरदड!"

वेचणी सुरू करताना बायका शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ते सीतादही. त्या दिवशीचा कापूस हंगामातला पहिला. फरदड म्हणजे अगदी शेवटचा, झाडाचा जीव संपत आल्यावरचा, आखूड आणि कमजोर.

"कार्तिकात फरदड कुठून येते, बाई? लेकरू जलमलं नाही अन्‌ त्याले म्हातारं मनता! मी मनलं, साहेब, बोटं निजले काय तुमचे? सारे हासले. तुमचे भाऊजी नाही हासले. पांढरे फक पडले." ती पायरीवर बसली. तिचा आवाज उतरला. "मालकानं मंग पहिल्या नंबरात घेतला माहा माल. मी भांडाले नाही आली. मले त्यायचं तोंड पाहून भेव लागलं. लोकं लय तापले हाय औंदा भावापायी. जिनिंगच्या फाटकावर पोलिसाची गाडी उभी रायते रोज. अखीन असं झालं तर हाणतीन त्यायले."

तिला पाणी दिलं, ते मला आठवतं. ती कधी गेली ते आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. भाऊजींनी कापूस उजेडाकडे धरला होता. जो माणूस तीस वर्षं डोळे मिटून प्रत सांगत आला, त्याने डोळे उघडे ठेवले होते.

भाऊजी पाचच्या सुमारास घरी आले. मनगटावर ते काळं घड्याळ.

"भाऊजी, घड्याळ काढा."

"तुम्हाले कधीपासून घड्याळाची गोडी लागली?"

"घड्याळ नाही बघायचं मला. मनगट बघायचंय."

 ते खुर्चीवर बसून उजव्या हाताने पट्टा सोडू लागले. डाव्या हाताची बोटं नुसती बाजूला पडून होती. पट्ट्याखाली जुन्या रुपयाएवढा चट्टा होता. भोवतीच्या कातडीपेक्षा फिका, कोरडा, त्यावर एक केस नाही.

"उन्हाळ्यापासून आहे," ते म्हणाले. "रोज सुई टोचून पाहतो. काही लागत नाही. आता अंगठा आणि ही दोन बोटंही गेली. कापूस आहे का हवा आहे, समजत नाही वहिनी. रंगावरून सांगून राह्यलो महिनाभर. किती जणांचं चुकवलं, देव जाणे."

मी नऊ वर्षांची असताना आमच्या शाळेच्या मागच्या फाटकाशी दर शनिवारी रांग लागायची. नन्स त्या लोकांच्या जखमा धुवायच्या आणि आम्ही मुलींनी पाण्याच्या बादल्या नेऊन द्यायच्या. मी एकदाही नेली नाही. दाराआड उभी राहायची आणि फटीतून बोटं नसलेले हात बघायची. तीच मुलगी त्या संध्याकाळी माझ्यात उठली. मी खुर्ची मागे सरकवली. फरशीवर आवाज झाला. भाऊजींनी तो ऐकला आणि मान खाली घातली. लिहायला लाज वाटते, पण घडलं ते असं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मी ठरवलंय सगळं. नाताळात आभा येईल. त्याआधी मी जातो. भीमराजची वणीची खोली रिकामी होते आहे, तिथं राहीन. अकरा घड्याळं आभाला द्या. मी हे एकच नेतो, कधी काढावंच लागणार नाही असं. कोणाला दिसायला नको."

आभा माझी नात, नागपूरची, सहा वर्षांची. भाऊजींना ती घड्याळआबा म्हणते आणि आल्याबरोबर त्यांच्या मांडीवर चढते.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की नाव लागते. एकदा नाव लागलं की मग जिनिंगच नाही, गल्लीही आपली राहत नाही. तुमच्याकडंही कोणी पाणी पिणार नाही."

पुढचे तीन दिवस मी भ्याले तशी यजमान गेले तेव्हाही भ्याले नव्हते. भांडी उकळत्या पाण्यात टाकली. न्हाणीघराचं दार लावून अंगभर चट्टे शोधले, आरशात पाठ बघितली. भाऊजी खोलीबाहेर आले की माझी बोटं पदरात जायची, आणि ते मला त्रास होऊ नये म्हणून बाहेर यायचेच बंद झाले. ताट मी उंबरठ्याशी ठेवायची. शनिवारच्या पानावर एकच ओळ आहे : 'भीती वाटते. कशाची जास्त, रोगाची की माझीच, ते कळत नाही.'

रविवारी सकाळी ताट उचलायला गेले तर त्यांनी ट्रंक भरायला घेतलेली. धोतरं, चष्म्याचं घर, देवाचा फोटो. दाढीचं सामान एका हाताने बांधू पाहत होते आणि सुतळी सुटत होती. मी दारातच उभी राहिले.

"उद्या सरकारी दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले. "मी येते बरोबर. त्यानंतर कुठं जायचं तिथं जा."

"अन्‌ कोणी पाहिलं तं?"

"माझे गुडघे दुखतात, सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांच्यासाठी आलो म्हणू."

सोमवारी आम्ही गेलो. रिक्षात आमच्या दोघांमध्ये माझी पर्स होती, ती मीच ठेवली होती. डॉक्टर कोवळ्या वयाची मुलगी निघाली. तिने चट्टा पाहिला, कोपरापासून खालची शीर चाचपली. मग म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी जिथं हात लावीन तिथं बोट ठेवायचं."

तिने बरणीतून कापूस काढला आणि चिमटीत पिळून त्याची बारीक वात केली. ती उजव्या हातावर टेकवली. भाऊजींनी लगेच बोट ठेवलं.

"आखूड धाग्याचा आहे," ते डोळे मिटूनच म्हणाले.

ती हसली. मलाही हसू आलं असतं. मग तिने वात डाव्या मनगटावर नेली. चट्ट्यावर टेकवली. पुन्हा टेकवली. मग अंगठ्यावर, मग बोटांवर. भाऊजींचा उजवा हात वर तसाच तयार होता, आत्ता लागेल म्हणून वाट बघत. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

"सुरू नाही केलं अजून?" त्यांनी विचारलं.

 त्यांनी डोळे उघडले आणि ती वात स्वतःच्या अंगठ्यावर टेकलेली पाहिली.

"कुष्ठरोग आहे, काका," डॉक्टर म्हणाली. तो शब्द तिने खोकला-पडसं म्हणावं तसा उच्चारला. "गोळ्यांनी बरा होतो. काही महिने घ्यायच्या, इथंच मिळतील, फुकट. मध्ये सोडायच्या मात्र नाहीत. औषध सुरू झालं की तुमच्यापासून कोणाला लागत नाही."

"अन्‌ बोटं?"

"थोडी जाग येईल, किती ते आत्ता सांगता येत नाही. उशीर केलात. आणि हे घड्याळ या हातावर बांधू नका. पट्टा घासून जखम झाली तरी तुम्हाला कळायची नाही. मनगट उघडं ठेवा, रोज बघत जा."

भाऊजींनी हळूच विचारलं, "घर कधी सोडायचं?"

तिला प्रश्नच समजला नाही. "सोडायचं कशाला? मला कार्डावर पत्ता लागेल. घरी कोण कोण असतं?"

भाऊजी माझ्याकडे बघेनात. फरशीकडे बघत बसले.

"आम्ही दोघं," मी म्हणाले. "नाताळात नात येते."

"मग तुमचेही हात दाखवा, आजी. नात आली की तिलाही एकदा आणा."

माझ्या हातांवर तिला काही सापडलं नाही. पुढे पुन्हा तपासू म्हणाली. परत येताना पर्स माझ्या मांडीवर होती. भीती गेली म्हणून नव्हे. ती होतीच, रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला वर येत होती.

मंगळवारी भाऊजी जिनिंगमध्ये जाऊन मालकाला सांगून आले की डावा हात बधिर झालाय, यापुढे प्रत मी सांगणार नाही. रोगाचं नाव सांगितलं नाही. तेवढं धैर्य आमच्या दोघांतही नव्हतं. मालकाने त्यांना गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. ते घरी आले तेवढ्यात भीमराजचा फोन आला.

"बोल सदा, कोणतं ठेवतोस?"

"शर्यतीचं."

"अरे, परवापर्यंत तर पाणबुड्यांचं म्हणत होतास!"

"ते न काढण्यासाठी होतं," भाऊजी म्हणाले. "आता रोज काढावं लागेल. अन्‌ ती खोली दुसऱ्या कोणाले दे."

फोन ठेवून ते पांढरं घड्याळ घेऊन माझ्यासमोर आले आणि उजवा हात पुढे केला. डाव्या बोटांनी बक्कल लागत नव्हतं. या घरात इतक्या वर्षांत मी त्यांना कधी घड्याळ बांधून दिलं नव्हतं. मी पट्टा बक्कलात घालू लागले. दोनदा निसटला.

"भीती वाटते का, वहिनी?"

"वाटते."

"मलाही." त्यांनी मनगट वळवून पाहिलं. "एक भोक मागं घ्या. घट्ट होऊन राह्यलं."